भिंत भरून येईपर्यंत

जयराम निमसे कधी आजारी पडेल, हे धामणपाड्यात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या बायकोच्या, सरस्वतीच्या, तर नव्हतंच. लग्न होऊन किन्हवलीच्या पुढच्या या पाड्यात ती आली तेव्हापासून तिनं नवऱ्याला दिवसाउजेडी अंथरुणात पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात भात आणि दिवाळी सरली की गवत, असं त्या दोघांचं वर्ष चालायचं. माळावरचं गवत कापायचं, सुकवायचं, वखारीवर आणून दाबून तारेनं गाठी बांधायच्या आणि त्या मुंबईकडच्या तबेल्यांसाठी ट्रकवर चढवायच्या. जयराम हरेशशेठच्या वखारीवर गाठी चढवायला असे. दोघा गड्यांनी मिळून उचलायची गाठ तो एकटा पाठीवर घेई, आणि फळीवरून ट्रकवर चढताना खालच्या माणसाशी गप्पाही मारी. सरस्वती कापणीच्या टोळीत बायकांबरोबर असे. तिच्या हाताला विळ्याचे घट्टे पडलेले, बोलणं तुटक आणि चाल अशी की टोळीतल्या पोरींना तिच्यामागे धावावं लागे.

साल अठ्ठ्याण्णव. हंगाम ऐन भरात होता. त्या दिवशी सरस्वती दुपारी भाकर खायला घरी आली, तर ओटीवर जयराम पाय पोटाशी घेऊन पडलेला.

“काय झालं?”

“पित्त खवळलंय गो. सकाळपासना छातीत जळजळतंय. जरा पडलो.”

तिनं कोकमाचं पाणी करून दिलं. ते पोटात टिकलं नाही. मग तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि दचकून मागे घेतला. नदीतून काढलेल्या गोट्यासारखं कपाळ गार होतं आणि घामानं निथळत होतं. थंडीचे दिवस, वारा सुटलेला, आणि हा माणूस घामानं भिजलेला. डावा हात तो सारखा चोळत होता.

“हात कशाला चोळताय?”

“वडतंय आतून. जबड्यातबी दुखतंय. गाठ घेताना शिर आखडली असंल.”

त्याच्या तोंडाचा रंग तिला दिसला. चुलीतली विझलेली राख असते तसा. पुढे कितीतरी वर्षं, तिला तो दिवस आठवायचा म्हटलं की तो रंगच आधी डोळ्यांपुढे यायचा. शेजारच्या रखमीला त्याच्याजवळ बसवून ती वखारीकडे धावत सुटली. पायात चप्पल नव्हती हे तिला वखारीवर पोचल्यावर कळलं.

हरेशशेठ भिवंडीकडचा आगरी माणूस. तोंडाचा फटकळ, पण त्या दिवशी त्यानं एक शब्दही जास्त विचारला नाही. ट्रक अर्धा भरून उभा होता. “राहू दे बाकीच्या गाठी,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “तसाच काढ. थेट कल्याणला घाल, मधे कुठे थांबू नको.” केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जयराम आणि खिडकीशी सरस्वती. मुरबाडपर्यंत जयराम “कशाला एवढं करताय” म्हणत राहिला. मुरबाड सुटल्यावर तो गप्प झाला आणि सरस्वतीला वाटलं, बोलत होता तेच बरं होतं.

कल्याणच्या दवाखान्यात कागदाची लांब पट्टी निघाली, त्यावरच्या रेघा पाहून डॉक्टरांनी मान हलवली. हृदयाला रक्त नेणारी एक नस रक्ताच्या गाठीनं बंद झाली होती. गाठ विरघळवण्याचं औषध शिरेतून लावलं. “उशीर झालाय,” तो तरुण डॉक्टर म्हणाला. “सकाळीच आणलं असतं तर जास्त वाचवता आलं असतं. आता जेवढं होईल तेवढं.”

जयरामला काचेच्या खोलीत ठेवलं, आणि बाहेर सरस्वती भिंतीला टेकून बसली. मुरबाडला राहून कॉलेजात जाणारी तिची मुलगी स्नेहल दुसऱ्या दिवशी आली, जेवणाचा डबा घेऊन. डबा तसाच राहिला. काचेतून जयराम दिसायचा: नाकात नळी, छातीला तारा. डोकं शाबूत होतं, तिला बघून हात हलवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाला झालंय काय?

दोन दिवसांनी डॉक्टरांनी तिला आणि स्नेहलला बोलावून घेतलं. गाठ विरघळली होती, पण तोपर्यंत हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा रक्ताविना मेला होता.

सरस्वतीनं थोडा विचार केला. गेल्या साली तिच्या म्हशीच्या पायाला जखम झाली होती, त्यात मेलेलं मांस राहिलं आणि पाय सडत गेला. तिनं विचारलं, “मंग तो मेलेला तुकडा आतमधी कुजनार नाय का, डॉक्टर? तो कापून काढायचा का?”

डॉक्टर खुर्चीत जरा पुढे झाले. “कापायचा नाही. शरीर स्वतः काढतं तो. आपल्या रक्तात लाल पेशी असतात तशा पांढऱ्या पेशी असतात. जखम झाली की त्या तिकडे धावतात. तुमच्या मिस्टरांच्या हृदयात त्या आत्ता, या क्षणी गोळा झाल्यात. पहिली फळी येते ती मेलेलं तोडते. तिच्यामागून दुसऱ्या मोठ्या पेशी येतात, त्या सगळा कचरा खाऊन जागा साफ करतात. जागा साफ झाली की तिथे घट्ट चट्टा भरून येतो, जखमेचा वण असतो ना, तसा.”

“मंजे चांगल्याच म्हनायच्या त्या.”

“चांगल्या. त्यांच्यावाचून जखम भरत नाही. पण एक लक्षात ठेवा.” डॉक्टरांनी बोटानं टेबलावर हृदयाचा आकार काढला. “जुनं काढलंय आणि नवं अजून भरलं नाही, अशा मधल्या दिवसांत हृदयाची ती भिंत मऊ असते. पहिला आठवडा फार नाजूक. तेव्हा जोर पडला तर भिंत फुगू शकते. क्वचित फाटूही शकते. कधीकधी या पेशी जरुरीपेक्षा जास्त जोरानं कामाला लागतात आणि शेजारचा चांगला स्नायूही दुखावतात. म्हणून दीड महिना पूर्ण विश्रांती. ओझं नाही, जिना नाही, भांडण नाही.”

स्नेहलनं मान डोलावली. सरस्वतीच्या कानात मात्र एकच शब्द राहिला: फाटू शकते.

पहिला आठवडा काचेच्या आत निघाला. पुढे त्याला घरी सोडलं, आणि खरा घोर तेव्हा सुरू झाला. दवाखान्यात यंत्र होतं, नर्स होती. घरी काय, एक सरस्वती.

जयरामला काही दुखत नव्हतं. खाटेवर बसून तो दिवसभर अंगणाकडे बघायचा. वखारीकडे जाणारे गडी कुंपणाशी थांबायचे, “काय जयरामभाऊ, बरं हाय ना?” आणि तो ओशाळून हसायचा. त्याला पाण्याचा तांब्याही उचलू द्यायची नाही सरस्वती. तो खोकला तरी ती चुलीपासून उठून यायची. शिंकला तर तिच्याच छातीत चर्र व्हायचं. तो झोपला की ती जवळ बसून त्याच्या छातीचं वरखाली होणं बघायची. मनात म्हणायची, साफ करा, बाई, हळूहळू साफ करा, दमानं घ्या. कुणाला म्हणतोय आपण हे, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या पांढऱ्या पेशी तिच्या डोळ्यांपुढे टोळीतल्या बायकांसारख्या यायच्या, वाकून, मुकाट्यानं कामाला लागलेल्या.

“तू माझ्याकडं असं बघू नको,” जयराम एकदा वैतागून म्हणाला. “मी काय काचेचा हाय?”

“तुमी डॉक्टरचं ऐकलं नाय. मी ऐकलंय.”

“मना काय होत नाय आता. नुसता बसून ऱ्हायलो तर खरा आजारी पडन.”

“पडा. पन बसूनच पडा.”

तिसऱ्या आठवड्यात ती एक दिवस टोळीबरोबर कापणीला गेली. घरात दोघांपैकी कुणीच कामाला नाही, असं किती दिवस चालणार? दुपारी परत आली तर खाट रिकामी. परसात नाही, विहिरीवर नाही. तिचे पाय आपोआप वखारीकडे वळले.

जयराम वखारीत होता. गाठींच्या राशीला टेकून उभा, हातात गाठ ओढायचा लोखंडी आकडा, भोवती दोघे-तिघे गडी. सरस्वतीला बघितल्यावर गडी पांगले.

“आकडा खाली ठेवा,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की हरेशशेठ कोपऱ्यातून उठून आला.

“वयनी, नुसता बोलायला आला हो तो,” शेठ म्हणाला. “मी त्याला हात लावू दिला नाय कशाला.”

“मंग आकडा कशाला हातात?”

“धरला,” जयराम म्हणाला. “नुसता धरला. सवयीनं. उचललं नाय काय.”

भांडण नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला पुढे घालून ती हळूहळू घरी आली. वाटेत तिच्या मनात सारखं येत होतं, हा खोटं बोलतोय. यानं गाठ उचलली असणार. एक तरी.

आणि तीनच दिवसांत जयरामला ताप भरला.

सकाळी अंग नुसतं कोमट होतं, उन्हं वर आली तसं ते कढत झालं. मग छातीत दुखायला लागलं. या वेळी जळजळ नव्हती, सुरी खुपसल्यासारखं दुखणं होतं, श्वास घेतला की जास्त. तो आडवा होईना. खाटेवर पुढे वाकून, उशी पोटाशी कवटाळून बसला.

सरस्वतीचा धीर सुटला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. “उचलली ना गाठ? सांगा आता! उचलली ना? किती सांगितलं तुमाला, भिंत मऊ हाय, भिंत मऊ हाय. पोरीचा तरी इचार करायचा!”

“देवाशपथ नाय उचलली.” त्याला बोलायलाही श्वास पुरत नव्हता. “तुझ्या गळ्याची आन.”

“माझ्या गळ्याची आन नका घेऊ!”

रखमी आत आली आणि तिनं सरस्वतीच्या दंडाला धरलं. “वरडू नको गो. गाडी बघ आधी.”

कल्याण लांब होतं. शहापूरच्या एक डॉक्टर मॅडम हृदयाचं बघतात असं ऐकून होते सगळे, म्हणून जीप करून तिकडे नेलं. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला जयराम डोळे मिटून घ्यायचा, आणि सरस्वती त्याच्या पाठीमागे आपला हात घालून बसली होती, जणू हातानं धक्का अडणार होता. फाटली असेल. आत्ता फाटतेय. या वळणावर. जीपमध्ये तिच्या मनात दुसरं काही येतच नव्हतं.

मॅडम पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, कानात नळ्या अडकवून फार वेळ ऐकणाऱ्या. त्यांनी जयरामला पुढे वाकायला लावलं, श्वास सोडून रोखायला सांगितलं, आणि पुन्हा ऐकलं. तपासणीची पट्टी काढली. छातीचा फोटो काढला. रक्त समोरच्या लॅबमध्ये पाठवलं.

“दुसरा झटका दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “मला एक शंका आहे, पण रक्ताचं कळू दे, मग बोलू.” एवढ्यात त्यांना निरोप आला. पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात एक बाळंतीण अत्यवस्थ होती. “येते मी. यांना झोपवू नका, बसूनच राहू दे,” नर्सला एवढं सांगून त्या गेल्या.

रक्ताचं लॅबवाल्यानंच येऊन सांगितलं. सरस्वती दारात उभी होती. “मॅडम आल्या की सांगा, पांढऱ्या पेशी वाढल्यात,” तो म्हणाला आणि कागद नर्सच्या हातात देऊन निघून गेला.

सरस्वतीला आधी काही वाटलं नाही. पांढऱ्या पेशी तिच्या ओळखीच्या होत्या. वाढल्या तर वाढल्या, काम लवकर उरकेल.

मग चंदर आला. जयरामचा चुलतभाऊ, वाशिंदला एका कारखान्यात होता. निरोप मिळाला तसा पाळी सोडून लोकलनं आसनगावला उतरला आणि रिक्षानं शहापुरात आला. बिचारा मनानं फार चांगला. जयरामला भेटून बाहेर आला, तसं सरस्वतीनं त्याला ऐकलं होतं ते सांगितलं. चंदरचा चेहरा बदललेला तिला दिसला.

“काय झालं, भावजी? बोला.”

“काय नाय, वयनी.”

“तुमाला माझी आन हाय.”

चंदर बाकावर बसला. “आमच्या कारखान्यात एक होता. ताप यायचा सारखा, हाडं दुखायची. रक्त तपासलं तर त्याच्याबी पांढऱ्या पेशी वाढलेल्या.” तो थांबला. “रक्ताचा कॅन्सर निघाला, वयनी. टाटाला नेला होता. दिवाळीपर्यंतबी नाय टिकला तो. आता दादाचं तसंच असंल असं नाय. मॅडम येऊ दे.”

त्यापुढची ती दुपार सरस्वतीनं कशी काढली, ते तिनं पुढे कुणाला धड सांगितलं नाही. आतून जयरामनं हाक मारली, “काय म्हन्तात गो?” तेव्हा ती दारात गेली आणि म्हणाली, “ताप हाय म्हन्तात. उतरंल.” तो तिच्याकडे बघत राहिला. ती नळाकडे गेली, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, पदर भिजला तरी मारत राहिली. जिच्या नावानं इतके दिवस मनात हात जोडले, तीच गोष्ट वाढून आता माणसाला खाणार होती. साफ करा म्हणत होतो आपण. किती साफ करणार? हृदयाचा मेलेला तुकडा संपल्यावर कशाच्या मागे लागणार त्या? स्नेहल मुरबाडहून अजून पोचली नव्हती. तिला काय सांगायचं, कसं सांगायचं, याची वाक्यं ती जुळवायला लागली आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर मोडायला लागलं.

समोरच्या रस्त्यानं बाजाराची माणसं चालली होती. कुणी केळी घेत होतं, कुणी हसत होतं. सरस्वतीला त्या सगळ्यांचा राग आला.

मॅडम आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आत जाऊन त्यांनी कागद पाहिला, जयरामला पुन्हा तपासलं आणि सरस्वतीला विचारलं, “छातीतलं दुखणं कधी जास्त होतं? चालताना, की झोपल्यावर?”

“झोपलं की. आन श्वास घेतला की. पुढं वाकून बसलं की बरं वाटतं त्यास्नी.”

“बरोबर. आणि मला आत घासल्याचा आवाज येतोय, दोन खरखरीत चामडी एकमेकांवर घासावी तसा.” त्यांनी कानातल्या नळ्या गळ्यात टाकल्या. “माझी शंका खरी दिसते.”

सरस्वती पुढे आली. तिनं खाटेची कड धरली. “मॅडम, खरं सांगा. रक्ताचा कॅन्सर हाय का?”

मॅडमनी चमकून वर पाहिलं. “कॅन्सर? कुणी सांगितलं?” दारात चंदर मान खाली घालून उभा राहिला, तसं त्यांच्या लक्षात आलं. त्या त्याच्यावर रागावल्या नाहीत. “हे बघा, पांढऱ्या पेशी कितीतरी कारणांनी वाढतात. साध्या गळवानंसुद्धा वाढतात. कॅन्सरमध्ये त्या वेगळ्या, कच्च्या दिसतात. यांच्या तशा नाहीत. चांगल्या पिकलेल्या, कामाच्या पेशी आहेत.”

“मंग वाढल्या कशाला?”

“बसा. तुम्हीपण बसा, जयराम, आणि ऐका.” त्या स्टुलावर बसल्या. “हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. झटक्यात हृदयाचा तुकडा मेला. पांढऱ्या पेशींनी तो साफ केला, ते त्यांचं कामच होतं. पण एरवी हृदयाच्या आत दडलेल्या काही गोष्टी त्या गडबडीत उघड्या पडतात, आणि शरीराला त्या परक्या वाटतात. मग काही आठवड्यांनी या पेशी आपल्याच हृदयाच्या पिशवीवर चाल करून जातात. पिशवी सुजते, ताप येतो, श्वासाला दुखतं. नेमकं असं कुणाला होतं आणि कुणाला नाही, ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही. झटक्यानंतर थोड्याच जणांना होतं. यांना झालंय.”

सरस्वतीनं जयरामकडे पाहिलं, मग मॅडमकडे. विचारायला तिला फार जड गेलं. “गाठ उचलल्यानं होतं का हे? ओझं उचलल्यानं?”

“नाही. ओझ्याचा याच्याशी काही संबंध नाही. हे खाटेवर झोपून राहिलेल्या माणसालाही होतं.”

जयराम उशी कवटाळून बसला होता. तो तिच्याकडे बघून काही म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं. सूज उतरवायला ऍस्पिरिनच्या गोळ्या मोठ्या मात्रेत द्यायच्या होत्या, जेवणाबरोबर. दुसऱ्या दिवशी कल्याणला नेऊन हृदयाची सोनोग्राफी करायची, पिशवीत पाणी साठलंय का ते बघायचं. “थोडं असेल तर औषधानं जिरतं. जास्त साठलं तर हृदय दाबलं जातं, मग सुईनं काढावं लागतं. तोवर श्वास लागला, चक्कर आली, पाय सुजले, तर लगेच मला कळवायचं.”

एक भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. तरी सरस्वतीला वाटलं, या भीतीला निदान तोंड आहे. काय बघायचं ते तरी सांगितलंय.

स्नेहल आली तेव्हा सरस्वतीनं जुळवलेलं एकही वाक्य वापरावं लागलं नाही. “पिशवी सुजलीय,” ती म्हणाली. “गोळ्या देताहेत.” आणि मग पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली. चंदर पलीकडे उभा राहून सारखा “माझंच चुकलं” म्हणत होता. त्याला तिनं चहा आणायला पिटाळलं.

कल्याणच्या सोनोग्राफीत पाणी निघालं, पण थोडं. जयरामला शहापूरच्याच दवाखान्यात ठेवलं. पहिले दोन दिवस ताप उतरे आणि पुन्हा चढे. सरस्वती त्याचे पाय दाबून बघायची, बोट रुतून खळगा पडतो का. पडत नसे. तरी थोड्या वेळानं पुन्हा दाबायची. मग एका सकाळी जयराम न वाकता, सरळ उशीवर टेकून बसलेला दिसला. त्यानं खोल श्वास घेऊन पाहिला. पुन्हा घेतला.

“दुखत नाय,” तो नवल वाटून म्हणाला.

ती भाताची पेज घेऊन आली होती. वाटी स्टुलावर ठेवून ती त्याच्या पायाशी बसली.

“तुमी गाठ उचलली नवती.”

“मी तेच सांगत होतो.”

“मी ऐकलं नाय.”

“तुझ्या जागी मी असतो तर मीबी नसतं ऐकलं,” जयराम म्हणाला. “आकडा हातात होता ना.” मग जरा वेळानं, “खरं सांगू? उचलायचीच होती. तू आलीस म्हनून ऱ्हायली.”

तिला हसू आलं आणि रागही आला. पेजेची वाटी तिनं त्याच्या हातात दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याला स्वतःच्या हातानं वाटी धरू दिली.

दुखणं तिथं संपलं असं नाही. चैत्रात पुन्हा तसाच ताप आला, तसंच छातीत दुखलं. पण या वेळी सरस्वतीनं आरडाओरडा केला नाही. त्याला पुढे वाकवून बसवलं, गाडी बोलावली आणि मॅडमना दारातूनच सांगितलं, “पिशवी सुजलीय बहुतेक.” पुन्हा गोळ्या, पुन्हा काही दिवस दवाखाना. त्यानंतर मात्र ते दुखणं परत आलं नाही. हृदयावरचा चट्टा घट्ट भरला. सोनोग्राफीत डॉक्टर दाखवायचे: बाकी सगळी भिंत हलतेय आणि तेवढा तुकडा थिजल्यासारखा स्वस्थ आहे. तो तुकडा पुन्हा कधी हलणार नव्हता. म्हणजे जयराम पुन्हा कधी गाठ उचलणार नव्हता.

त्याला ते पचायला फार जड गेलं. पुढच्या हंगामात वखार सुरू झाली तेव्हा तो तीन-चार दिवस कुणाशी बोललाच नाही. हरेशशेठनं त्याला वखारीवर नुसतं देखरेखीला बसायला बोलावलं, तर म्हणाला, “दुसऱ्यानं उचलायचं आन मी बघायचं? नको.” शेवटी शेठ सरस्वतीकडे आला. कापणीच्या टोळ्यांवर मुकादम पाहिजे होता, आणि बायकांच्या टोळ्या तिचं ऐकायच्या.

“बाई मुकादम?” जयराम म्हणाला.

“का? मना वरडता येत नाय का?” सरस्वती म्हणाली.

तो हसला. ते हसू तिनं वर्षभरात ऐकलं नव्हतं.

ती मुकादम झाली. टोळ्या घेऊन ती डोळखांबच्या बाजूपर्यंत जायची. जयराम घरी राहिला. आधी त्याला चूलही पेटवता येत नव्हती. मग भात जमायला लागला, मग कालवण. परसात त्यानं वांगी, वाल लावले, वाफे काढायला एक गडी घ्यायचा आणि बाकी स्वतः बसून करायचा. चढावर दम लागायचा, थांबायचा. पाड्यातले लोक सुरुवातीला मागून काहीबाही बोलले. ते सरस्वतीच्या कानावर आलं तेव्हा ती जयरामचं कालवण डब्यात घालून टोळीत घेऊन गेली आणि सगळ्यांना वाढलं. मग बोलणं थांबलं असं नाही, पण कमी झालं.

दोन हजार तीन साली स्नेहलचं लग्न खर्डीला झालं. त्यानंतरची काही वर्षं गवताचा धंदा उतरत गेला, माळांना कुंपणं पडली, बंगले आले. सरस्वती टोळ्या सोडून शेतीत लागली. मॅडमकडे वर्षातून दोन खेपा व्हायच्या. दर वेळी रक्त तपासायला दिलं की कागद येईपर्यंत ती बाकावर बसत नसे, उभी राही.

एकदा मॅडमनी तिला दारातून तसं उभं पाहिलं. “अहो, इतकी वर्षं झाली आता. सगळं नीट आहे त्यांचं. बसा की.”

“बसते,” सरस्वती म्हणाली, पण बसली नाही. “तेवढं पांढऱ्यांचं सांगा आधी. किती हायत ते.”

“असाव्यात तेवढ्याच आहेत,” मॅडम म्हणाल्या.

आत जयराम सदऱ्याची बटणं लावत होता. सरस्वती आत गेली, वरचं राहिलेलं बटण तिनं लावलं आणि दोघं किन्हवलीची एस.टी. पकडायला निघाले. रस्त्याला चढ होता. तो अर्ध्यावर थांबला, तशी तीही थांबली, आणि त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत ती समोरच्या दुकानातल्या भाजीचे भाव विचारत राहिली.